पाणी पिऊन या

एसटीत कंडक्टर म्हणून इतकी वर्षं काढली की माणसाचं तोंड बघून मला कळतं, हा खरं बोलतोय की नाही. आठ वर्षांच्या पोराला चार वर्षांचं सांगून मांडीवर घेणाऱ्या आया, दुसऱ्याच्या पासवरचा फोटो स्वतःचाच आहे असं छातीठोकपणे सांगणारे काका, मी कुणाला सोडत नाही. डेपोत मला पाठीमागे खाष्ट मॅडम म्हणतात, तेही मला माहीत आहे. अशा मला माझ्या सख्ख्या आईने एका सकाळीत दोनदा बनवलं. तेही पाण्यावरून.

आईचं नाव बयाबाई. लासलगावजवळच्या आमच्या गावात ती माझ्या भावाकडे, गोरक्षकडे राहते. अंगाने काटक बाई. आजारपण हे आळशी माणसांचं काम, असं तिचं ठाम मत. त्यामुळे गोरक्षचा फोन आला, "योगे, आईला लघवीतून लाल जातंय, आन् लय दिवसांपासून जातंय, तिनं सांगितलंच नाय," तेव्हा मी घाबरले. कारण पुतळामावशी. आईची धाकटी बहीण. तिलाही असंच लाल जायचं आणि तिनेही कुणाला सांगितलं नव्हतं. लघवीच्या पिशवीत गाठ होती. कळलं तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान हलवली होती.

मी रजा टाकली आणि आईला नाशिकला माझ्या घरी घेऊन आले. लघवीच्या आजारांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, बरंच काही विचारलं आणि म्हणाले, "खडा असेल, सूज असेल, गाठही असू शकते. आधी सोनोग्राफी करून आणा. ती बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

बाहेर रिक्षात बसल्यावर आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत एवढंच म्हणाली, "पुतळीलाबी मशिन लावलं व्हतं."

"तिला उशिरा लावलं होतं," मी म्हणाले. "तुला वेळेवर लावतोय."

"आन् ते तर पोटुशीचं मशिन असतंय ना? या वयात मला तिथं बसलेली बघून बाया काय म्हणतील?"

"म्हणतील, आजी, कितवा महिना?"

आई हसली नाही. मलाही हसू आलं नव्हतं, मी आपलं बोलायचं म्हणून बोलले.

सोनोग्राफी सेंटर नाशिकच्या द्वारका चौकाजवळ होतं. तिथे फोन उचलणारी आरोही नावाची मुलगी फार नीट बोलली. म्हणाली, उपाशी यायची गरज नाही, रोजच्या गोळ्या असतील तर घेऊ द्या, पण लघवीची पिशवी मात्र भरलेली हवी. "निघायच्या आधी भरपूर पाणी पिऊन या, आणि मग लघवीला जायचं नाही. आधीचे रिपोर्ट असतील तर तेही आणा."

आता पाण्याचं आणि आईचं जरा सांगायला हवं. आई घराबाहेर पाणी पीत नाही. कुठे जायचं असलं की सकाळपासूनच तिचं पाणी बंद, चहासुद्धा नको. "मला परवासात पाणी बाधतंय," असं ती म्हणायची आणि आम्ही मान डोलवायचो. मी तर कंडक्टर. घाट लागला की खिडकीतून डोकं बाहेर काढणारे प्रवासी मी रोज बघते. असेल बाधत, म्हटलं.

आणि दुसरा आमच्या घरातला प्रसिद्ध माठाचा किस्सा. आई आयुष्यभर एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदे निवडायला जायची. खळं म्हणजे लिलावातून आणलेला कांदा जिथे ओततात, निवडतात आणि गोण्यांत भरतात ती मोकळी जागा. शाळेला सुट्टी लागली की मीही तिच्याबरोबर जायची. एका भर उन्हाळ्यात तिच्या हातून पिण्याच्या पाण्याचा अख्खा माठ निसटला, तोही स्वतःच्या अंगावर. आई नखशिखांत भिजलेली, पुंजा मुकादम तोंडाला येईल ते बोलतोय, हमाल पोट धरून हसतायत आणि परकरातली मी टाळ्या वाजवतेय, असं ते दृश्य मला स्वच्छ आठवतं. मग शिक्षा म्हणून दिवसभर तिला लांबच्या विहिरीवरून पाणी वाहायला लावलं होतं. लग्नकार्यात भावंडं जमली की मी हा किस्सा नकलेसकट सांगते. आई तेवढ्यात काहीतरी काम काढून स्वयंपाकघरात जाते.

तर त्या सकाळी मी आईपुढे पाण्याचा तांब्या आणि पेला ठेवला, कपडे वाळत घालायला गेले आणि परत आले तर तांब्या रिकामा. "पेले बाई सगळं," आई म्हणाली. मी शाबासकी दिली. मोरीतली फरशी तेवढी ओली दिसली, पण ती काय, रोजच ओली असते.

सेंटरच्या बाहेरच्या खोलीत बाकं होती, गर्भलिंग निदान केलं जात नाही असा मोठा बोर्ड होता आणि कोपऱ्यात मनीप्लँटची कुंडी होती. आई बरोब्बर कुंडीशेजारी बसली. समोरच्या बाकावर मनमाडचे अन्सारभाई होते, ट्रक चालवणारे. त्यांना मूतखडा होता. त्यांनाही पिशवी भरायची होती आणि ते बाटली तोंडाला लावून येरझारा घालत होते.

"ताई, गंगापूर धरण अजून फुल नाही," ते मला म्हणाले. "मॅडमनी परत पाठवलं. म्हणाल्या, अजून भरू द्या."

आमचा नंबर लागला. आतली खोली अंधारी आणि थंड होती. डॉक्टर एक बाई होत्या, आबिदा नावाच्या, हे बघून आईचे खांदे जरा खाली आले. मी बरोबर थांबले तर चालेल का, असं विचारलं, तर म्हणाल्या, "थांबा की. आईंना बरं वाटेल."

आई टेबलावर अशी ताठ झोपली होती की हात लावला असता तर ठण्ण वाजली असती. डॉक्टर म्हणाल्या, "आई, आता पोटावर जेली लावते. जरा गार लागेल, पण दुखणार नाही. यात करंट नसतो, एक्स-रेसारखे किरणही नसतात. नुसता आवाज असतो, आपल्याला ऐकू न येणारा. तो आत जाऊन परत येतो आणि त्याचं इथे चित्र दिसतं."

"आवाजाचं चित्र?" आईने मान वळवून पडद्याकडे पाहिलं.

"हो. आणि कुठे दुखलं तर लगेच सांगायचं, सोसत राहायचं नाही."

त्यांनी हातातलं यंत्र ओटीपोटावर फिरवलं. इकडून, तिकडून, जरा दाबून. मग थांबल्या. "पाणी किती प्यायलात?"

"पेले की. लय पेले."

"आई, पिशवी रिकामी आहे."

मी आईकडे बघितलं. आई छताकडे बघत होती.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी आईला विचारलं, "काय काम करायचात?" आई म्हणाली, "कांद्याचं." "मग मला सांगा, रिकामी गोणी चुरगाळून टाकलेली असली आणि तिच्यात एखादा कांदा अडकला असला, तर वरून दिसेल का? गोणी भरून ताणली की कुठे काय आहे ते कळतं. पिशवीचंही तसंच आहे. शिवाय ती भरली की आतडी बाजूला होतात, मग मला आतलं नीट दिसतं. असंच बघून मी काही नाही असं लिहिलं आणि आत काही असलं, तर? त्यापेक्षा थांबा, बाहेर बसून पाणी प्या. घाई नाही."

बाहेर येऊन मी आईला मोठी बाटली विकत आणून दिली. "माझ्यासमोर पी," म्हणाले. तेवढ्यात आरोहीने आधीच्या कागदांसाठी मला काउंटरवर बोलावलं. तिचं होईपर्यंत मी मान वळवून वळवून बघत होते. बाटली हळूहळू खाली होत होती. चला, मार्गी लागलं, असं मला वाटलं.

मग अन्सारभाई एकदम ओरडले, "या खुदा!" आणि दोन्ही पाय वर घेऊन बाकावर बसले. त्यांच्या चपलांपाशी फरशीवरून पाण्याचा ओघळ आला होता. ते घाबरून स्वतःच्या पँटकडे बघत होते. "माझं नाही! ताई, कसम से, माझं नाही!"

सगळी खोली हसली. आरोही हसली, बाकावरच्या दोन पोटुश्या बाया हसल्या, मीही हसले. मग माझी नजर ओघळाच्या उगमाकडे गेली. मनीप्लँटची कुंडी काठोकाठ भरून खालच्या ताटलीतून वाहत होती. शेजारी आई बसली होती, हातात रिकामी बाटली घेऊन. ती हसत नव्हती. फरशीवरच्या त्या ओल्या पट्ट्याकडे ती बघत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

तो चेहरा तेव्हाच मला थांबवायला हवा होता. पण माझं डोकं फिरलं. भरल्या गाडीत मागच्या दारापर्यंत पोचतो तो माझा आवाज लागला. "आई, तुला काय मरायचंय का? पुतळामावशीनेही असाच खेळ केला होता! मी रजा टाकून, डॉक्टरांच्या हातापाया पडून तुला इथे आणते आणि तू झाडाला पाणी घालतेस?"

आईने पदर डोक्यावरून पुढे ओढला. अन्सारभाई हळूच म्हणाले, "ताई, माँजींना रागावू नका. आपली माणसं आहेत सगळी." आणि माझा आवाज ऐकून डॉक्टर आबिदांनीच दार उघडलं. "दोघी आत या," म्हणाल्या.

त्यांनी आईला टेबलावर झोपवलं नाही. खुर्चीवर बसवलं आणि स्वतः स्टूल ओढून समोर बसल्या. "आई, पाणी प्यायची भीती वाटते का?"

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"पेलं म्हंजी लागती," आई म्हणाली. "आन् लागली म्हंजी जायाला कुटं हाय?"

"इथे आहे ना संडास."

"इथं हाय. खळ्यावर नव्हता." आई माझ्याकडे न बघता डॉक्टरांशी बोलत होती. "समदे गडी तिथं. आडोसा म्हणून नाय. मागं नाला व्हता, तिथं बी ट्रका लागायच्या, डायवर बसलेलं असायचं. आम्ही बाया सकाळी घरनं जाऊन यायचो ते एकदम दिस मावळल्यावर. म्हणून पाणीच प्यायचं नाय. पेलंच नाय तर लागत बी नाय. सवय लावून घ्यायची."

"मग कधी त्रास झाला?"

"एकदा ऊन लय व्हतं. डोळ्याम्होरं अंधारी आली, तवा दोन तांबे पेले. मंग दाबून धरलं. लय दाबून धरलं. उठाया गेले आन् उभ्या उभ्याच झालं." तिने मांडीवरचं लुगडं नीट केलं. "समदं लुगडं वलं. म्होरं पुंजा मुकादम, आन् हमाल आपलं वझं टाकून पाणी प्यायला आलेले. आता बघतील म्हणून मी शेजारचा माठ उचलला आन् घेतला अंगावर वतून. आन् दिला सोडून."

मी वळून आईकडे बघितलं. "तो माठ? तो निसटला नव्हता?"

"नाय बाई. त्यापरीस धांदरट म्हणलेली बरी."

मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. तीस-बत्तीस वर्षं झाली असतील. इतक्या वर्षांत ती मला, गोरक्षला, आमच्या बापाला, पुतळामावशीलासुद्धा काही बोलली नव्हती. त्या माठाची नक्कल मी किती मांडवांत केली असेल. आणि मला आता त्या खळ्याची दुसरीच गोष्ट आठवली. मला लागली की मी सांगायची आणि आई हातातलं टोपलं ठेवून लगेच उठायची. भरलेल्या गोण्यांच्या थप्पीमागे मला न्यायची. पदर सोडून दोन्ही हातांनी ताणून धरायची, तोंड खळ्याकडे, पाठ माझ्याकडे. "बस बिनधास्त. मी हाय," म्हणायची. दिवसातून हवं तितक्या वेळा. पुंजा मुकादम कितीही ओरडला तरी.

"मला तर तू न्यायचीस," मी म्हणाले.

"तुझ्यासाठी मी धरायची पदर," आई अगदी साधेपणाने म्हणाली. "माझ्यासाठी कोण धरणार?"

मला रडू आलं आणि त्याच्याहून जास्त राग आला. आईचा नाही. त्या व्यापाऱ्याचा आला, ज्याला कांदा सुकायला पत्र्याची शेड बांधता आली आणि बायांना चार पत्र्यांचा आडोसा करता आला नाही. तो व्यापारी कधीच गेला. त्याच्या नावाने आता बोटं मोडून काय उपयोग, पण मी मोडली.

डॉक्टर आबिदा म्हणाल्या, "तुम्ही एकट्या नाही आहात, आई. अशा खूप जणी येतात इथे. शेतावरच्या येतात, शिक्षिका येतात, पोलिसातल्या येतात, एसटीतल्याही येतात." शेवटचं म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी एसटीत आहे आणि माझ्या ड्युटीच्या बॅगेतली बाटली संध्याकाळी बहुतेक भरलेलीच परत येते, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. "पण मला दिसलं नाही तर मी काही सांगू शकत नाही. तुम्ही खोटं बोलून मला नाही, स्वतःला फसवाल. पाणी प्यायला वेळ घ्या. लागली की लगेच सांगा, मी हातातलं काम बाजूला ठेवून तुम्हाला घेते. फार ताणायची गरज नाही."

मी आईसमोर उकिडवी बसले. "आई, तू पी. लागली की मला सांग. दाराशी मी उभी राहीन."

आईने माझ्याकडे पाहिलं. खरं बोलतेय की नाही, हे ती बघत होती. मग म्हणाली, "बाटली आण."

बाहेरच्या खोलीत, सगळ्यांच्या देखत, आई पाणी प्यायली. बाटली वर धरून, तोंड न लावता, गटागटा. मध्ये थांबली, पदराने तोंड पुसलं, पुन्हा प्यायली. आरोहीने फरशी पुसून घेतली होती.

बराच वेळ गेला. अन्सारभाईंचं धरण भरलं, त्यांचं नाव पुकारलं गेलं आणि ते दाराकडे धावले, त्याच क्षणी आईने माझं मनगट धरलं. "योगे, आता नाय दम निघत."

अन्सारभाई दारातच थांबले. एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. "माँजी आधी," म्हणाले. "माझे दरवाजे मजबूत आहेत." त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही, कारण त्यांचा चेहरा तसं सांगत नव्हता.

पुन्हा तीच अंधारी खोली, तीच गार जेली. या वेळी पडद्यावर काळंभोर, मोठं काहीतरी उमटलं. "ही भरलेली पिशवी," डॉक्टर म्हणाल्या. "आता कसं स्वच्छ दिसतंय." आणि त्या काळ्यात, तळाशी, मला एक पांढरा ठिपका दिसला. चांगला ठळक. डॉक्टरांचा हात तिथे थांबला.

मी त्यांचं तोंड बघत होते. हजारो तोंडं वाचलेली मी, पण त्यांचं मला वाचता येईना. पुतळामावशीचा शेवटचा चेहरा डोळ्यांपुढे आला. देवा, हे नको, बाकी काहीही चालेल, असं मी मनात म्हणत होते. आईने अंधारात माझा हात शोधला.

"आई, डाव्या कुशीवर वळा," डॉक्टर म्हणाल्या. "हळूच. मी यंत्र धरून आहे."

आई वळली. आणि पडद्यावरचा तो पांढरा ठिपका घरंगळला. अगदी सावकाश, काळ्यातून सरकत दुसऱ्या बाजूला जाऊन थांबला.

"सरकला," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदा हसू होतं. "पाहिलंत? गाठ असती तर भिंतीला धरून बसली असती, जागची हलली नसती. हा खडा आहे. भिंतीला कुठे गाठ दिसत नाही मला."

"म्हंजी पुतळीचं नाय?" आईने विचारलं. मावशीच्या गाठीचं मी डॉक्टरांना सांगितलं.

"पुतळाबाईंना झालं होतं तसं मला इथे काही दिसत नाही. लाल जायचं ते या खड्यानेही जाऊ शकतं. सोनोग्राफीत सगळंच दिसतं असं मात्र नाही, तुमचे डॉक्टर दुर्बिणीतून एकदा आत बघतील, तेव्हाच हा खडाही काढतील. मी रिपोर्ट देते, पुढचं त्यांचं ऐकायचं. आता लघवी करून या आणि परत या. किती उरते ते बघायचंय."

संडास बाहेरच्या खोलीतच होता, पुरुषांच्या बाकासमोर. आई घाईने गेली, दार लोटलं आणि लगेच उघडून बाहेर आली. आतली कडी तुटलेली होती. दार आपोआप उघडं पडत होतं. समोर चार-पाच पुरुष बसलेले. आई उंबऱ्यावर तशीच उभी, पाय एकमेकांना चिकटवून, आणि तिचा चेहरा मघाच्यासारखा पांढरा पडायला लागला.

मी गळ्यातली ओढणी काढली. आईला आत पाठवलं, दार ओढून धरलं, त्याला पाठ लावली आणि ओढणी दोन्ही हातांत ताणून समोर धरली. बाकावरचे पुरुष आपण होऊनच खिडकीकडे बघायला लागले. बिचारे अन्सारभाई आत टेबलावर होते.

"बस बिनधास्त," मी दाराला टेकून म्हणाले. "मी हाय."

खूप वेळ नुसती शांतता होती. इतक्या वर्षांच्या सवयीला सुटायला वेळ लागत होता. माझे हात भरून आले, तरी ओढणी मी खाली घेतली नाही. मग आवाज आला आणि मी डोळे मिटून घेतले. मी रडत होते, भर खोलीत, खाष्ट मॅडम.

दुसऱ्यांदा बघितलं तर पिशवीत बरंच पाणी उरलेलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, वर्षानुवर्षं दाबून धरून पिशवी सैल पडलीय, पूर्ण रिकामी होत नाही, म्हणून खडा धरला असावा. आता दिवसभर थोडं थोडं पाणी प्यायचं, लागायची वाट न बघता ठरावीक वेळाने जायचं, आणि मनगटावर घड्याळ नसलं तरी आठवण करायला योगिनीताई आहेतच. आईने पोटावरची जेली स्वतःच पुसली आणि विचारलं, "ह्यो खडा मला दावता का, काढल्यावर?" डॉक्टर म्हणाल्या, सांगून बघा त्यांना.

रिपोर्ट बघून त्या पहिल्या डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात बोलावलं. आईला तोवर गावाला जायचं होतं, शेळीचं कोण बघणार म्हणे. मी तिला सोडायला निघाले. लासलगावच्या गाडीवर माझ्याच डेपोची कंडक्टर होती, तिने आम्हाला तिच्या शेजारची जागा दिली. डोक्यावरून घंटीची दोरी गेलेली. आईने ती कुतूहलाने पाहिली.

"तूबी हीच वढती?"

"हो. दोन वेळा ओढली की ड्रायव्हर गाडी काढतो. एकदा ओढली की थांबवतो. कुठेही असो."

दोन घंट्या झाल्या, गाडी निघाली. द्वारका मागे पडली, आडगाव मागे पडलं. आई खिडकीतून द्राक्षांच्या बागा बघत होती. माझ्या मांडीवर पाण्याची बाटली होती, भरलेली. बऱ्याच वेळाने आईने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मधीच लागली तर?"

मी हात वर करून दोरीला लावला. "तर एक घंटी."

आईने बाटली घेतली, झाकण उघडलं आणि ती चालत्या गाडीत पाणी प्यायली. अर्धी बाटली झाल्यावर ती तिने माझ्यापुढे धरली.

"आता तू पी," म्हणाली.